बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या आणि तिचे अवयव

विश्रामबाग (धागाकर्ता)

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या गावात हा खेळ असा रुजवला की इथल्या कितीतरी घरांत पट सापडतो, आणि पटाबरोबर ती दाण्यांची गोष्टही सापडते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे. राजा हसत कबूल होतो आणि पुढे त्याची कोठारे अपुरी पडतात. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण "केवढी ही मोठी संख्या!" असे म्हणून थांबतो. माझ्या मते खरे गणित तिथून पुढे सुरू होते, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

निमित्त असे घडले. दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर आठवी-नववीची आठ-दहा मुले गणितासाठी जमतात. त्यांतल्या एका मुलाने पटावरच्या दाण्यांची एकूण बेरीज घरच्या संगणकावर स्प्रेडशीटमध्ये करून आणली. त्याचे उत्तर होते १८४४६७४४०७३७०९६०००००. शेवटी पाच शून्ये असल्यामुळे या संख्येला एक लाखाने भाग जातो, असे त्याने ठामपणे सांगितले. समोरच्या आकड्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबरच होता, पण आकडाच चुकीचा होता. पहिल्या घरात एक दाणा आहे आणि बाकी सर्व घरांत सम संख्येने दाणे आहेत, म्हणून बेरीज विषमच असली पाहिजे आणि तिच्या शेवटी शून्य येऊच शकत नाही. स्प्रेडशीट पहिले पंधरा अंक सांभाळते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते. हे एका मुलीने माझ्याआधी ओळखले, याचा मला फार आनंद झाला.

मग आम्ही ती संख्या कागदावर काढली. बेरीज २^६४ − १ आहे (येथे ^ ही खूण घातासाठी वापरली आहे). २^६४ काढण्यासाठी त्रेसष्ट वेळा दुप्पट करावे लागत नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत गुणोत्तर श्रेढीसाठी दिलेली रीत अशी आहे की घातांक सम असेल तर तो निम्मा करून ‘वर्ग’ लिहावा, विषम असेल तर त्यातून एक वजा करून ‘गुण’ लिहावा, आणि मग शेवटाकडून उलट येत त्या त्या क्रिया कराव्यात. ६४ हा घातांक निम्मा होत होत ३२, १६, ८, ४, २, १ असा उतरतो, म्हणजे दोनाचा केवळ सहा वेळा वर्ग करायचा: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि सहाव्या वर्गाला हवी ती संख्या. शेवटचा वर्ग तेवढा मोठा आहे, म्हणून आम्ही ४२९४९६७२९६ चे ४२९४९ आणि ६७२९६ असे दोन तुकडे केले. पहिल्या तुकड्याचा वर्ग १८४४६१६६०१, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८ आणि दुसऱ्या तुकड्याचा वर्ग ४५२८७५१६१६. हे तिन्ही आपापल्या स्थानी पाच-पाच घरे सरकवून मांडले आणि बेरीज केली, तेव्हा १८४४६७४४०७३७०९५५१६१६ ही संख्या आली. त्यातून एक वजा केला की पटावरचे एकूण दाणे मिळतात:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकं, दहं, शतं पासून मोजत गेले की परार्ध हे अठरावे स्थान येते, म्हणून ही संख्या १८४ परार्धांच्या पुढची आहे.

आता तिचे अवयव पाहू. वीस अंकी संख्येचे मूळ अवयव शोधा असे सांगितले तर मोठा माणूसही दचकेल, पण या संख्येला सातवीतले वर्गांतराचे सूत्र पुरते. २^६४ − १ म्हणजे (२^३२ − १) × (२^३२ + १). त्यातला पहिला कंस पुन्हा तसाच फुटतो, त्यातला पहिला पुन्हा, आणि खाली येत येत आपल्या हाती हे उरते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

ज्या सहा पायऱ्या चढून आपण संख्या बांधली, त्याच सहा पायऱ्या उतरताना तिचे अवयव एकेक करून सुटत जातात. मुलांना हे दाखवताना मी फळ्यावर वर्ग डाव्या बाजूला आणि अवयव उजव्या बाजूला लिहिले, तेव्हा प्रत्येक अवयव आपल्या ओळीतल्या वर्गापेक्षा बरोबर एकाने मोठा आहे हे त्यांना आपोआप दिसले. फक्त ३ च्या ओळीत वर्ग नव्हता, तिथे मूळचा २ होता.

हे सहा अवयव म्हणजे फेर्मा या फ्रेंच गणितीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या आहेत. त्या सगळ्या मूळ असतात, असे फेर्माला सतराव्या शतकात वाटत होते. पहिल्या पाच तशा आहेतही. सहावी मात्र तशी नाही, हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. त्यामुळे पटावरच्या दाण्यांचे पूर्ण अवयव असे होतात:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात निरनिराळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून एकूण विभाजक २^७ म्हणजे १२८.

माझा प्रश्न या शेवटच्या अवयवाबद्दल आहे. ६७००४१७ ही संख्या मूळ आहे हे मुलांना "पुस्तकात लिहिले आहे" असे न सांगता हाताने दाखवता येईल का? तिचे वर्गमूळ २५८८ च्या किंचित वर आहे, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेतीनशेहून अधिक भरतात. एवढे भागाकार रविवारच्या दोन तासांत होणार नाहीत, आणि झाले तरी मुलांची गणितावरची माया आटेल. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

हरिपूर संगम

धागा आवडला. मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण दाण्यांचे वजन मी एकदा करून पाहिले होते, ते नोंदवतो. घरच्या शाळूचे एक हजार दाणे मोजून घेतले आणि सराफी काट्यावर ठेवले, तेव्हा ते चौतीस ग्रॅम भरले. त्या हिशेबाने पटावरची ज्वारी सुमारे बासष्ट हजार सातशे कोटी टन होते. जगभरात वर्षाला पिकणारा गहू सुमारे ऐंशी कोटी टन धरला, तर तेवढे धान्य जमायला साडेसातशे वर्षांहून अधिक काळ लागेल. आमच्या गावाजवळची हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना साठवणीची कल्पना असते, पण ही संख्या त्या कल्पनेत बसत नाही.

मिरजकर

विश्रामबाग सर, तुमचा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि साडेतीनशे नव्हे, चारच भागाकार पुरतात. थोडे सविस्तर लिहितो, कारण सारे मर्म या कारणमीमांसेत आहे.

समजा ‘प’ या मूळ संख्येने २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. आता २, ४, ८, १६ असे दोनाचे घात घेऊन प्रत्येकाला ‘प’ ने भागावे आणि बाकी लिहीत जावी. बत्तिसाव्या घाताला बाकी ‘उणे एक’ येते, कारण त्यात एक मिळवला की भाग पूर्ण जातो. तिचा वर्ग केला की चौसष्टाव्या घाताला बाकी एक येते, आणि तिथून बाक्यांचे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या चक्राची लांबी ६४ ची विभाजक असली पाहिजे, आणि ३२ ला एक आलेला नसल्यामुळे ती ३२ ची विभाजक असू शकत नाही. म्हणून लांबी बरोबर ६४. दुसरीकडे फेर्माचाच सिद्धांत सांगतो की ‘प’ वजा एक या घातालाही बाकी एक येते. याचा अर्थ ‘प’ वजा एक ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

यापुढची पायरी ल्युका या फ्रेंच गणितीने १८७८ मध्ये दाखवली. ‘प’ ला ८ ने भागून बाकी एक उरत असेल, तर अशी एखादी संख्या असते की जिच्या वर्गाला ‘प’ ने भागल्यावर बाकी दोन येते. दोनाचे चक्र ६४ लांबीचे, म्हणून त्या संख्येचे चक्र १२८ लांबीचे, आणि म्हणून ‘प’ वजा एक ला १२८ नेही भाग जातो. तेव्हा ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असणार.

आता यादी करा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. पैकी २५७ ही स्वतः फेर्मा संख्या आहे आणि दोन निरनिराळ्या फेर्मा संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसतो. (सर, तुमच्या पायऱ्यांवरूनच ते दिसते. कोणतीही फेर्मा संख्या घ्या, तिच्यातून दोन वजा केले की आधीच्या सर्व फेर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो. म्हणून सामाईक विभाजकाने दोनालाही भाग जायला हवा, आणि या सर्व संख्या तर विषम आहेत. गोल्डबाखने ही गोष्ट १७३० मध्ये ऑयलरला पत्राने कळवली होती.) तेव्हा तपासावा असा पहिलाच उमेदवार ६४१ आहे आणि त्याने भाग जातो. हे मला प्रथम कळले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरून पुढे गेलो नव्हतो.

६७००४१७ साठी हीच चाळणी २५८८ पर्यंत चालवायची. १२८ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या अशा संख्या तिथपर्यंत वीस आहेत, आणि त्यांतल्या मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. पहिली वर सांगितल्याप्रमाणे बाद. उरलेले चार भागाकार मी आज दुपारी केले:

६४१ ने भागून बाकी ४४,
७६९ ने भागून बाकी १२०,
११५३ ने भागून बाकी ३३४,
१४०९ ने भागून बाकी ६२२.

एकानेही भाग जात नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. मुलांकडून यांतले दोन तरी भागाकार अवश्य करून घ्यावेत.

विश्रामबाग

मिरजकर, आपले मनापासून आभार. मी ६४१ ने भाग जातो याची एक छोटी सिद्धता मुलांना दिली होती, ती आपल्या लिखाणाला जोडून ठेवतो. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ५ × १२८ + १ आणि ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी उणे एक. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी एक. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी उणे २^४ ठेवता येतो, म्हणून उणे २^३२ ची बाकी एक, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. दहा अंकी संख्या प्रत्यक्ष लिहावीही लागत नाही. ही चार वाक्ये फळ्यावर उतरली तेव्हा ओसरीवर अगदी शांतता होती.

संख्यावेडी

देवळालीचे कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ असे सुंदर नाव दिलेल्या संख्या आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या. पटावरची संख्या हर्षद आहे का, असा प्रश्न मला पडला आणि धाग्यातले अवयव हाताशी असल्यामुळे वीस अंकी भागाकार न करता उत्तर मिळाले. अंकांची बेरीज ८७ येते. ८७ म्हणजे ३ × २९. वरच्या सात अवयवांत ३ आहे, पण २९ नाही, म्हणून संख्या हर्षद नाही. अर्ध्या पटाची बेरीज ४२९४९६७२९५ घेतली तर अंकांची बेरीज ५७, म्हणजे ३ × १९, आणि १९ अवयवांत नाही, म्हणून तीही नाही. अवयव एकदा माहीत झाले की किती तऱ्हेच्या प्रश्नांची उत्तरे बसल्या जागी मिळतात, हे लक्षात यावे म्हणून लिहिले.

अर्ध्या पटाच्या संख्येचा आणखी एक गुण मला सांगावासा वाटतो. तिचे अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. गाउसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी होण्याआधी, सतरा बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येतो हे दाखवले. पुढे १८३७ मध्ये वांत्सेलने सिद्धतेचा उरलेला भाग पुरा केला, तेव्हा हे ठरले की विषम बाजूंचा सुसम बहुभुज कंपास-पट्टीने तेव्हाच काढता येतो, जेव्हा बाजूंची संख्या निरनिराळ्या मूळ फेर्मा संख्यांचा गुणाकार असते. अशा मूळ संख्या आजवर या पाचच माहीत आहेत. म्हणून आजच्या माहितीप्रमाणे असे बहुभुज एकतीस आहेत, आणि त्या सर्वांच्या बाजू म्हणजे अर्ध्या पटावरच्या दाण्यांचे, एक सोडून बाकी, विभाजक. त्यांतला सर्वांत मोठा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. आमच्या भूमितीच्या तासाला त्रिकोण, पंचकोन आणि पंधरा बाजूंची आकृती काढून घेतात, ती याच कुळातली आहे.

आपल्या मेरुप्रस्ताराशीही (ज्या त्रिकोणी मांडणीत कडेला एक आणि आतली प्रत्येक संख्या वरच्या दोन शेजारच्या संख्यांची बेरीज असते) या विभाजकांचे नाते आहे. प्रस्तारात सम संख्येच्या जागी शून्य आणि विषम संख्येच्या जागी एक लिहावे आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीची संख्या म्हणून वाचावी. ओळी १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा येत जातात आणि पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे नेमके हेच बत्तीस विभाजक, लहानापासून मोठ्यापर्यंत, क्रमाने. मी चौकटीच्या वहीत सोळा ओळींपर्यंत रंगवून पाहिले आहे.

जुना खेळाडू

मी गणिताचा माणूस नाही, पट मांडणारा आहे, त्यामुळे माझा प्रश्न घरांविषयी आहे. शेवटच्या घरापर्यंतची बेरीज संयुक्त आहे हे समजले. पण वाटेत एखाद्या घराशी थांबलो तर तिथपर्यंतची बेरीज मूळ असते का? तिसऱ्या घराशी सात आणि पाचव्याशी एकतीस हे मला दिसते. पुढे काय होते?

मिरजकर

काका, आपण ज्या संख्यांविषयी विचारले त्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घराचा क्रमांक संयुक्त असेल तर बेरीज कधीच मूळ नसते, कारण सरांनी वापरलेल्या सूत्रासारखेच सूत्र तिला फोडते. घराचा क्रमांक मूळ असणे गरजेचे आहे, पण तेवढे पुरेसे नाही. अकराव्या घराशी बेरीज २०४७ होते आणि ती २३ × ८९ आहे. चौसष्ट घरांत बेरीज मूळ ठरणारी घरे नऊच आहेत: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१. आठ-आठांच्या ओळींनी मोजले तर पहिल्या ओळीत चार, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत एक, मग सलग तीन ओळी कोऱ्या, आणि शेवटच्या ओळीत एक. त्या एकसष्टाव्या घराशी बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१ होते. ती मूळ असल्याचे रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या धर्मगुरूंनी १८८३ मध्ये सिद्ध केले. मर्सेन या फ्रेंच गणितीने १६४४ मध्ये दिलेल्या, बेरीज मूळ ठरणाऱ्या घरांच्या यादीत हे घर राहून गेले होते.

या नऊ घरांची आणखी एक खूण आहे. अशा घरातले दाणे आणि तिथपर्यंतची बेरीज यांचा गुणाकार केला की परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःहून लहान असलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या. दुसऱ्या घरात २ × ३ = ६, तिसऱ्या घरात ४ × ७ = २८, पाचव्यात १६ × ३१ = ४९६, सातव्यात ६४ × १२७ = ८१२८. ही रीत युक्लिडची आहे, आणि सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळत नाही हे ऑयलरने सिद्ध केले.

एकतिसाव्या घराची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. लीलावतीत एक उदाहरण आहे: एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देत गेला, तर महिन्याभरात किती दिले? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. या उत्तरात एक कवडी मिळवा. २१४७४८३६४७ ही एकतिसाव्या घराशी येणारी बेरीज आहे, आणि ती मूळ असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० चा. इतक्या जुन्या गणितात या संख्येच्या शेजारच्या संख्येचा पै-पैचा हिशेब केलेला आहे, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

विश्रामबाग

काकांच्या प्रश्नामुळे मला जे सर्वांत अधिक सांगायचे होते ते सांगण्याची वाट मोकळी झाली. पटाला आणखी तीन घरे जोडली असे समजा. सदुसष्ट घरांची बेरीज १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा एकच अंक जास्त. मर्सेनच्या यादीत ६७ होते, म्हणजे त्याच्या मते ही संख्या मूळ. ल्युकाने १८७६ मध्ये ती मूळ नाही हे दाखवले, पण अवयव त्यालाही माहीत नव्हते. (मुलांना हे पटायला जड जाते. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ संख्येने ज्या कसोटीला उतरलेच पाहिजे त्या कसोटीला ती उतरली नाही, इतके पहिल्यासाठी पुरते.) अवयव मिळायला १९०३ साल उजाडले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल यांनी एकही शब्द न बोलता फळ्यावर एका बाजूला २^६७ − १ ची किंमत काढली आणि दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार पुरा केला. दोन्ही उत्तरे एकच आली, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, असे सांगितले जाते.

चौसष्ट घरांची बेरीज एका सकाळी सात अवयवांत मोकळी होते आणि तीन घरे पुढे गेल्यावर तीन वर्षांचे रविवार लागतात. ६४ हा पुन्हा पुन्हा निम्मा होणारा घातांक आहे, ६७ हा मूळ आहे, आणि सारा फरक तेवढ्यात आहे. संख्येच्या लांबीला घाबरणाऱ्या मुलांना मी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवतो, कारण लांबीवरून तर दोन्ही सारखेच भासतात.

हाच फरक त्याहून जवळ, अगदी दोन दाण्यांच्या अंतरावर पाहता येतो. आपल्या संख्येपासून सलग तीन संख्या घ्या:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५
१८४४६७४४०७३७०९५५१६१६
१८४४६७४४०७३७०९५५१६१७

पहिलीचे सात मूळ अवयव आपण पाहिले. दुसरीत दोनाखेरीज कोणताही मूळ अवयव नाही. तिसरी म्हणजे २^६४ + १, ही पुढची फेर्मा संख्या, आणि तिला वर्गांतराचे सूत्र लागत नाही. लांद्री या फ्रेंच गणितीने वयाची ऐंशी ओलांडल्यावर, १८८० मध्ये, तिचे अवयव काढले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. मिरजकरांच्या चाळणीने इथे २५६ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या संख्या तपासाव्या लागतात, आणि २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ + १. त्याच चाळणीने ६४१ पहिल्या फटक्यात मिळाला होता, इथे मात्र हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. (त्यांतल्या बऱ्याच संख्या संयुक्त म्हणून गळतात, तरी उरलेल्या पुष्कळ आहेत.) लांद्रीचा अवयव शोधायला लावणे मुलांवर अन्याय होईल, पण शोधलेला अवयव बरोबर आहे हे त्यांना ताडून पाहता येईल असे मला वाटते. पुढच्या रविवारी तसा प्रयत्न करणार आहे.

तासगावची ताई

सर, माझी मुलगी आपल्याकडे येते. स्प्रेडशीटमधली शून्ये जिने ओळखली तीच. आपला शेवटचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला, तेव्हा ती रविवारपर्यंत थांबायला तयार नव्हती. काल रात्री जेवणानंतर तिने जे केले ते तिच्या वहीतून जसेच्या तसे उतरवून देते, चूक असल्यास कळवावे.

तिने २^१६ म्हणजे ६५५३६ पासून सुरुवात केली. त्याचा वर्ग ४२९४९६७२९६. त्याला २७४१७७ ने भागल्यावर १५६६४ पटी जाऊन बाकी २५८७६८ उरली. ही बाकी मोठी असल्यामुळे तिने आणखी एक पट घेतली, म्हणजे १५६६५ पटी आणि बाकी उणे १५४०९. आता चौसष्टाव्या घातासाठी या बाकीचा वर्ग करायचा होता. १५४०९ चा वर्ग तिने १५४०० आणि ९ असे तुकडे करून केला: २३७१६०००० + २७७२०० + ८१, म्हणजे २३७४३७२८१. मग २७४१७७ ला ८६६ ने गुणले, तर २३७४३७२८२ आले. तिला वाटले की कुठेतरी एकाची चूक झाली, म्हणून तिने दोन्ही गुणाकार पुन्हा केले आणि तेच आकडे आले. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आले की तो एक कमी पडायलाच हवा, कारण आपल्याला २^६४ ची बाकी उणे एकच हवी आहे. तिने त्या उणे एकाभोवती लाल पेनने चौकट केली आहे आणि खाली लिहिले आहे, "म्हणून २^६४ + १ ला भाग जातो."